छत्री घरी ठेवा, लिस्बनला जा

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत युरोपला जायचं म्हटलं की ट्रॅव्हल कंपनीचा माणूस मान हलवतो. "आता सीझन नाही, मे महिन्याचं बघू या." स्वित्झर्लंडच्या डोंगरगाड्यांपुरतं त्याचं म्हणणं मान्य करू. लिस्बनच्या बाबतीत मात्र मी उलटं सांगेन. ज्याने मुंबईचे पावसाळे लोकलने काढलेत किंवा कोकणात कौलारू घर राखलंय, त्याने पोर्तुगालची ही राजधानी नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात बघावी. उन्हाळ्यात अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत माणसाला माणूस लागतो आणि हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. पावसाच्या महिन्यांत तेच शहर सावकाश, सवडीने आणि स्वस्तात बघता येतं. तयारी तेवढी वेगळी लागते. बहुतेक लोक पावसाची तयारी करून जातात आणि प्रत्यक्षात हैराण होतात ते घरातल्या गारठ्याने आणि रस्त्यावरच्या निसरड्या दगडांनी.

आधी पावसाचा स्वभाव समजून घेऊ. लिस्बनचा उन्हाळा जवळजवळ कोरडा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये नावाला चार थेंब. ऑक्टोबरच्या मध्यापासून अटलांटिकवरून ढगांचे पट्टे यायला लागतात आणि ते एप्रिलपर्यंत अधूनमधून येत राहतात. सगळ्यात ओले महिने नोव्हेंबर आणि डिसेंबर, प्रत्येकी साधारण शंभर-सव्वाशे मिलिमीटर. वर्षभराचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो, तेव्हा आकड्यांनी घाबरायचं कारण नाही.

पण हा पाऊस आपल्या ओळखीचा नाही. तो गार असतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि थांबला की पूर्ण थांबतो. एखादा पट्टा दोन-तीन तासांत शहरावरून सरकतो, मागे निळं आकाश आणि धुतलेलं ऊन ठेवून जातो, आणि संध्याकाळी पुढचा पट्टा हजर. क्वचित चार-पाच दिवस सलग रिपरिपही लागते. जानेवारीत दुपारचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास आणि पहाटेचं आठ. लोणावळ्याला थंडीत गेलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. ओल्या वाऱ्यात ते किरकोळ राहत नाहीत.

महिना निवडताना दोन-तीन गोष्टी बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधी कधी छान उघडीप मिळते. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण असतो आणि त्या सुमारास येणाऱ्या कोरड्या, उबदार दिवसांना तिथले लोक 'संत मार्टिनचा उन्हाळा' म्हणतात. हमी अर्थातच कोणी देत नाही. पण याच महिन्यात लिस्बनमध्ये वेब समिट ही तंत्रज्ञानाची मोठी जागतिक परिषद भरते, २०१६ पासून ती इथेच आहे. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर उन्हाळ्यालाही लाजवतील असे वर जातात. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी परिषदेच्या तारखा बघा आणि तो आठवडा सोडा. नाताळ ते नववर्ष हा काळही महाग, शिवाय २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला संग्रहालयं बंद. पैसे वाचवायचे असतील तर जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो, सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही लक्षात असू द्या. सकाळी दहाला नाश्ता उरकून निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती फार दिवस उरत नाही.

आता राहण्याची जागा. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. लिस्बनमधली बरीचशी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. जाड भिंती, उंच छत, फटी पडलेल्या लाकडी खिडक्या, आणि उत्तर युरोपात असते तशी घरभर फिरणारी उष्णतेची व्यवस्था नाही. २०२३ च्या युरोपीय महासंघाच्या पाहणीत पाचातल्या सुमारे एका पोर्तुगीज माणसाने आपलं घर पुरेसं उबदार ठेवणं परवडत नाही असं सांगितलं होतं, आणि त्या यादीत पोर्तुगाल स्पेनबरोबर अगदी वरच्या जागी होता. बाहेर बारा अंश आणि आतही चौदा, अशी स्थिती भाड्याच्या घरात सहज असते. अल्फामातलं निळ्या टाइलांचं गोजिरवाणं घर फोटोत बघून आरक्षण करू नका. घरमालकाला नेमके प्रश्न विचारा. झोपायच्या खोलीत हीटर किंवा गरम हवा देणारा एसी आहे का? फक्त दिवाणखान्यात असून उपयोग नाही. हवेतली दमट ओल शोषणारं यंत्र आहे का? पत्त्यात मजल्याच्या जागी 'आर/सी' अशी पोर्तुगीज अक्षरं असतील तर ते तळमजल्याचं घर आहे. तिथं भिंतीला बुरशीचा वास असण्याची शक्यता जास्त, अस्थमा असणाऱ्यांनी ते टाळावंच. आणि हीटर, इस्त्री, किटली एकाच वेळी लावू नका. तिथं बऱ्याच घरांची वीजजोडणी मोजक्या क्षमतेची असते, बटण खाली पडतं आणि अंधारात फ्यूजचा डबा शोधायची वेळ येते.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी घर न घेता मध्यम दर्जाचं हॉटेल घेईन. पावसाच्या महिन्यांत दोन्हींच्या भाड्यात फारसा फरक राहत नाही. लिस्बन महापालिका दर माणशी दर रात्री ४ युरो पर्यटक कर घेते, तो हिशेबात धरा. हॉटेल बाइशा या सपाट भागात किंवा मेट्रो स्थानकाजवळ असावं. सात टेकड्यांचं शहर म्हणून लिस्बनचं कौतुक होतं, पण भिजलेल्या पायांनी रात्री टेकडी चढताना ते कौतुक आठवत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. छत्री नको. नदीवरून वर येणारा वारा गल्लीच्या तोंडाशी असा वळतो की छत्री उलटी होते, आणि वादळी दिवसानंतर कचरापेट्यांतून मोडक्या छत्र्यांचे सांगाडे डोकावत असतात. डोकं झाकणारी टोपी असलेलं, वारा अडवणारं जाकीट घ्या. आपला प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, गारठा अडवत नाही. आत एक थर्मल आणि एक पातळ लोकरी स्वेटर पुरे. जाड ओव्हरकोट भिजला की दोन दिवस वाळत नाही. एकूणच तिथं धुतलेलं काही लवकर वाळत नाही. स्थानिक लोक खिडकीबाहेरच्या दोऱ्यांवर कपडे टाकून उघडिपीची वाट बघतात. पाहुण्यांसाठी मात्र नाणी टाकून कपडे धुऊन-वाळवून देणारी दुकानं जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांचा उपयोग करा.

बुटांवर मात्र खर्च करा. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसॉल्टच्या काळ्या छोट्या दगडांचे आहेत, हाताने बसवलेले, सुंदर नक्ष्यांचे. शंभर वर्षांच्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेली ही चुनखडी ओली झाली की शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्यांसारखी होते. चामड्याच्या तळव्याचे बूट, सपाट सँडल, जुने झिजलेले स्पोर्ट्स शूज, तिन्ही बाद. खोल खाचांचा मऊ रबरी तळवा हवा. उताराच्या गल्ल्यांत कठडा असेल त्या बाजूने उतरा, ट्रामच्या रुळांवर पाय ठेवू नका. पिशवीत मोज्यांची एक कोरडी जोडी असू द्या. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायची आपली जुनी युक्ती तिथंही चालते.

दिवसाची आखणी करताना तासातासाचं वेळापत्रक करू नका. पोर्तुगालच्या हवामान संस्थेचं नाव आयपीएमए. तिच्या अ‍ॅपवर तासवार अंदाज मिळतो आणि पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. सकाळी तो बघा आणि दिवसाचे दोन भाग करा: पाऊस असताना छताखाली, उघडीप मिळाली की ताबडतोब बाहेर, उंचावर. एखाद्या संग्रहालयात रमला असाल आणि खिडकीतून ऊन दिसलं, तर संग्रहालय सोडा. ग्रासा किंवा सेन्योरा दु मोंत या टेकड्यांवरच्या सज्जांवर पाऊस थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासात जो प्रकाश असतो, तो ऑगस्टच्या धुरकट दुपारी कधीच मिळत नाही. तेजू नदीचं मुख, म्हणजे नकाशावरचं टेगस, पार पलीकडच्या काठापर्यंत स्वच्छ दिसतं. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून काशिल्याशला जाणारी फेरीबोट दहा मिनिटांत नदी पार करते. उघडिपीत करायची ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली सहल आहे.

प्रसिद्ध २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल माझं मत वाचकांना आवडणार नाही. पावसात ती बघण्यासाठी बसू नका. काचांवर वाफ धरते, ओल्या जाकिटांची दाटी होते आणि पाकीटमारांना सोयीचं होतं. बसायचंच असेल तर उघडिपीच्या सकाळी लवकर, मार्तिम मोनिझ चौकात रांग लावण्यापेक्षा कांपु द ओरीकच्या टोकाला जाऊन बसा. टेकडी चढवणाऱ्या केबलगाड्या मात्र गृहीत धरू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया केबलगाडी घसरून १६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहरातल्या या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. जाताना कोणती चालू आहे ते विचारून घ्या. मेट्रो, बस आणि ट्रामसाठी नावेगांत नावाचं कार्ड घेऊन त्यावर चोवीस तासांचा पास भरला की पावसात दोन थांब्यांसाठीही बिनधास्त चढता-उतरता येतं.

छताखाली काय बघावं? यादी मोठी आहे. मराठी आणि गोमंतकीय वाचकाने जिथं जास्त वेळ घालवावा, त्या जागा तेवढ्या सांगतो. अल्कांतराच्या गोदीत, सुक्या कॉड माशांच्या जुन्या गोदामात २००८ साली ओरिएंट संग्रहालय सुरू झालं. पोर्तुगीज आशियात कुठे कुठे पोचले आणि तिथून काय घेऊन आले, हे इथं दिसतं, आणि त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. पावसाची एक अख्खी सकाळ इथं खर्च झाली तरी चालेल. नदीकाठचं काझा दुश बिकुश हे अणकुचीदार दगडांचं घर १५२३ च्या सुमारास बांधलं ते ब्रास द अल्बुकर्कने, म्हणजे १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोंसोच्या मुलाने. आता तिथं नोबेल विजेते कादंबरीकार जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. बेलेमच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला आणि तिथंच पुरला गेला, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. मठाबाहेरची रांग उघड्यावर असते, डोक्यावर छप्पर नाही, म्हणून तिकीट आधी काढा आणि सकाळी पहिल्या वेळेला जा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना आणखी एक पत्ता. पोर्तुगालचा राष्ट्रीय दप्तरखाना, तोर्रे दु तोंबु, विद्यापीठाच्या परिसरात आहे. लिस्बनचा राजदरबार आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातला पत्रव्यवहार 'मान्सूनची पुस्तकं' या नावाने बांधलेला आहे, त्यातला एक भाग इथं आणि दुसरा पणजीच्या पुराभिलेखागारात. नाव तसं पडलं, कारण टपाल वाऱ्याच्या हातात होतं. जहाजं वसंतात लिस्बन सोडत, आफ्रिकेला वळसा घालत आणि नैर्ऋत्य मोसमी वारे धरून साधारण सप्टेंबरात गोव्याला लागत. उत्तर न्यायचं तर पुन्हा हिवाळ्यातल्या उलट वाऱ्यांची वाट. राजाला एका पत्राचं उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं लागत. अभ्यासक नसाल तर दप्तरखान्यात मुद्दाम जायची गरज नाही, पण बेलेमच्या धक्क्यावर आडवा पाऊस झेलत उभे असाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

अझुलेझू म्हणजे रंगीत टाइलांचं राष्ट्रीय संग्रहालय १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठात आहे. तिथं तेवीस मीटर लांबीच्या टाइलपटावर १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाआधीचं लिस्बन चितारलेलं आहे. त्याच भूकंपात कोसळलेल्या कार्मू मठाच्या सभामंडपाला आजही छत नाही. पाऊस सरळ कमानींमधून आत पडतो, त्यामुळे तो रिमझिमीत बघावा, मुसळधार पावसात नव्हे. मुलं बरोबर असतील तर प्रश्नच नाही: १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं मत्स्यालय, ओशेनारियू, रोज उघडं असतं. तिथं जायला जे ओरिएंत स्थानक लागतं त्याचं काचेचं छत फार देखणं आहे. पाऊस आणि वारा अडवण्याच्या कामी मात्र ते फारसं येत नाही, फलाटावर जाकिटाची चेन वर ओढूनच उभे राहा. लिस्बनची बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा मत्स्यालय आणि कार्मू सोमवारसाठी राखून ठेवा. अलीकडे जुन्या इमारतींची दुरुस्तीची कामंही जोरात आहेत. कुठली जागा किती महिने बंद आहे ते निघण्याआधी एकदा तपासा.

खाण्याच्या बाबतीत पावसाळा हाच खरा मोसम. ऑक्टोबरपासून चौकाचौकांत धुराच्या गाड्या उभ्या राहतात. मीठ लावून भाजलेली चेस्टनट डझनाच्या हिशेबाने कागदाच्या पुडीत मिळतात, आणि गार झालेल्या बोटांना त्या पुडीचा उपयोग खाण्याइतकाच होतो. दुपारी कुठल्याही साध्या खानावळीत शिरा, दिवसाची थाळी आणि गरम सूप मागा. प्रसिद्ध काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात सॉसेजची चकती हमखास असते. शाकाहाऱ्यांनी 'सोपा द लेगुमश' मागावं आणि त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारावं. कॅफेच्या काचेआड शमूसा नावाचा त्रिकोणी ओळखीचा पदार्थ दिसेल. तो गोव्याच्या वाटेनेच तिथं गेला, पण आत बहुधा खिमा असतो, बटाटा-वाटाणा समजून चावू नका. टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. हात लावला तर बिलात येतं, नको असेल तर नम्रपणे परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. घरच्यासारखं जेवण हवं असेल तर लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात जा. तिथल्या हिंदू समाजातली बरीच गुजराती कुटुंबं दीव आणि मोझांबिकमार्गे आलेली आहेत आणि मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी थाळी मिळते. डाळ-तांदूळ, मसाले घ्यायचे तर मार्तिम मोनिझ चौकात जा.

पावसाचा धोका कधी खरा असतो तेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९६७ मध्ये एका रात्रीच्या पुरात लिस्बनभोवतीच्या वस्त्यांतली शेकडो माणसं गेली आणि हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने आकडे दडपले. डिसेंबर २०२२ मध्ये अल्कांतरा आणि अल्झेश भागांत भुयारी रस्ते भरले. पाण्याचा निचरा करण्यासाठी शहराने दोन मोठ्या बोगद्यांचं काम हाती घेतलं आहे, त्यातला एक पाच किलोमीटरचा. नारिंगी इशारा असेल आणि भरतीची वेळ असेल, तर नदीकाठच्या सखल भागात जाऊ नका, भुयारी वाटांत उतरू नका. बेलेम दुसऱ्या दिवशी होईल.

बाहेरगावच्या सहलींत सिंत्राचं नाव पहिलं येतं आणि पावसात फसगतही तिथंच होते. समुद्रावरचे ढग सिंत्राच्या डोंगराला अडतात. लिस्बनमध्ये ऊन असताना तिथं धुकं असतं, आणि पेना राजवाड्याचे लाल-पिवळे मनोरे दहा पावलांवरून दिसत नाहीत. जोराचा वारा असेल तर तिथली उद्यानं बंदच ठेवतात. राजवाड्याचं तिकीट वेळेचं बंधन घालून दिलेलं असतं, म्हणून फार आधी न काढता आदल्या रात्री अंदाज बघून काढा. धुकं सापडलंच तर वर न जाता गावातला जुना राष्ट्रीय राजवाडा बघा, ते दोन पांढऱ्या शंकूंसारख्या धुराड्यांचं घर. छतावरच्या हंसांच्या आणि लांब शेपटीच्या मॅगपाय पक्ष्यांच्या चित्रांसाठी मान वर करून फिरावं लागतं. कश्काइशची लोकल मात्र कोणत्याही हवेत करावी. काइश दु सोद्रेहून चाळीस मिनिटं, जाताना डाव्या खिडकीशी बसा.

आणि नझारे. हे गाव लिस्बनच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे, सेत रिउशच्या बसस्थानकावरून दोन तासांच्या आत पोचता येतं. किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळात पाच किलोमीटर खोलीपर्यंत उतरत जाणारी एक घळ आहे. अटलांटिकच्या हिवाळी वादळांतून सुटलेल्या लाटा या घळीतून ताकद न गमावता किनाऱ्याशी येतात आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर एकमेकींवर चढून फुटतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉयट्नर या जर्मन सर्फरने इथं २६.२१ मीटर उंचीची लाट पार केली, ती जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली. उन्हाळ्यात हा किनारा शांत असतो. म्हणजे पोर्तुगालमधलं हे दृश्य बघायचं तर ज्या महिन्यांत ट्रॅव्हल कंपनी नको म्हणते, त्याच महिन्यांत जावं लागतं. मोठ्या लाटा रोज नसतात, महिन्यातून थोडेच दिवस येतात. त्यांचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळतो, म्हणून नझारेचा दिवस वेळापत्रकात मोकळा ठेवून नंतर भरा.

व्हिसाचं काम नेहमीसारखंच: शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते पंधरा दिवस आधी, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, आणि आरक्षणं रद्द करता येतील अशीच. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालं आहे, त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर लगेच पुढची गाडी पकडायचा बेत करू नका.

शेवटी पुन्हा नझारे. तिथं लाटा बघायच्या त्या टेकडीच्या टोकावरच्या सेंट मायकेल किल्ल्यावरून. तिथं दीपगृह आहे आणि सर्फरांच्या फळ्यांचं छोटं प्रदर्शन आहे. खाली वाळूत उतरू नका, खडकांच्या कडेला फोटोसाठी जाऊ नका, आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते पोचताक्षणी स्थानकावर बघून ठेवा, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात.